एक रतल धान्य आणि शिकलेला साहेब

हल्ली एक बोलणं फार कानावर येतं. राज्यकारभार हा अडाण्यांचा धंदा नव्हे. चांगली शिकलेली, अवघड परीक्षा पास झालेली, कारभाराचं रीतसर शिक्षण घेतलेली माणसं खुर्चीवर बसवा आणि त्यांच्या कामात लुडबूड करू नका, सगळ्यांचं भलं होईल. वर्तमानपत्रातला संपादक हे लिहितो. टपरीवर चहा पिणारा पेन्शनर हे बोलतो. आणि आता आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रात्र रात्र जागणारा पोरगाही हेच बोलायला लागलाय. पहिल्या दोघांचं नवल नाही. तिसरा बोलतो तेव्हा थांबून विचार करावा लागतो. कारण त्याच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो असतो.

या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी, की वाईट कारभार अज्ञानातून होतो आणि ज्ञान आलं की कारभार आपोआप सुधारतो. हे खरं आहे काय?

प्रश्न जुना आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात प्लेटो नावाच्या तत्त्ववेत्त्याने याचा आराखडाच काढला होता. समाजाचे तीन वर्ग करायचे. वरच्या वर्गाला लहानपणापासून शिकवून, पारखून, पन्नाशीपर्यंत घासून राज्यकर्ता बनवायचे. त्याला खाजगी मालमत्ता नाही, स्वतःचे असे कुटुंब नाही, म्हणजे स्वार्थ नाही. मग तो सर्वांचे हितच पाहील. मनूने एवढी मेहनतसुद्धा घेतली नाही, त्याला जन्मच पुरला. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाचे जे भाषण लिहिले, आणि लाहोरच्या मंडळाने जे होऊ दिले नाही, त्यात त्यांनी या प्लेटोचा समाचार घेतला आहे. माणसे काही तीन ठरीव जातींच्या पोत्यांत भरता येत नाहीत, प्रत्येक माणूस वेगळा आहे आणि प्लेटोला हे दिसलेच नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

पण मी तत्त्वज्ञानात फार शिरत नाही. मी सूतगिरणीत रिंग खात्यावर काम करणारा माणूस. धागा कुठं तुटला ते बघायचं, सांधायचं, पुढं जायचं, ही आपली सवय. म्हणून हवेतलं नको, एक घडलेलं उदाहरण घेऊ. जगात राज्यकर्ते तयार करण्याचा पद्धतशीर कारखाना कुणी काढला असेल तर तो इंग्रजांनी, आणि त्या कारखान्याचा माल खपला आपल्या उरावर. तर तो मालच तपासू.

साहेबांचा कारखाना

ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानात आली ती व्यापाराला. राज्य हाती आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गुमास्ते आणि कारकून यांच्या जोरावर राज्य चालत नाही. म्हणून १८०६ साली तिने इंग्लंडात खास कॉलेज काढले. पुढे ते हेलीबरी या गावी गेले आणि त्याच नावाने गाजले. कंपनीच्या डायरेक्टरांनी नेमलेली पोरे तिथे जात. कायदा, इतिहास, गणित, पूर्वेकडच्या भाषा आणि अर्थशास्त्र शिकत. मग बोटीत बसून इकडे येत आणि पंचविशी-तिशीत एकेका जिल्ह्याचे मायबाप होत.

तिथे अर्थशास्त्र कोण शिकवत होता? माल्थस. कॉलेज सुरू झाल्यापासून १८३४ साली मरेपर्यंत तोच. माणसे धान्यापेक्षा भराभर वाढतात, मग भूक, रोगराई येऊन तो हिशेब पुरा करतात, हा त्याचा सिद्धान्त. म्हंजे बघा, ज्या पोराला पुढं दुष्काळात जिल्हा सांभाळायचाय, त्याला आधीच शिकवून ठेवलंय की दुष्काळ हा सृष्टीचाच हिशेबनीस आहे.

याच कॉलेजातून चार्ल्स ट्रेव्हेल्यन निघाला. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले, तेव्हा लंडनच्या खजिन्यात बसून मदतीची सूत्रे तोच हलवत होता. बाजारात हात घालायचा नाही, फुकट द्यायचे नाही, लोकांना सवय लावायची नाही, हे त्याचे धोरण. सुमारे दहा लाख माणसे त्या दुष्काळात गेली. १८५४ साली याच ट्रेव्हेल्यनने नॉर्थकोटबरोबर अहवाल लिहिला, की सरकारी नोकर वशिल्याने न घेता खुल्या परीक्षेने, गुणवत्तेवर घ्यावेत. आज ज्या 'मेरिट'चा जप चालतो त्याच्या जन्मदात्यांपैकी हा एक. मेरिटचा बाप आणि आयर्लंडच्या भुकेचा कारभारी, दोघे एकच इसम. हे पाठ करून ठेवा, वादाला उपयोगी पडेल.

१८५५ पासून हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी परीक्षा सुरू झाली आणि १८५८ साली हेलीबरी बंद पडले. परीक्षा खुली होती. खुली म्हंजे कशी? लंडनात जाऊन द्यायची. बोटीचं भाडं ज्याच्याकडं त्याला खुली. तरी १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर पास झाले, पहिले हिंदी सनदी नोकर, आणि ते नोकरीला आले आपल्याच मुंबई इलाख्यात. मग १८७८ पासून वयाची अट खाली ओढून १९ वर्षांवर आणली. हिंदुस्थानात ही परीक्षा घ्यायला १९२२ साल उजाडलं.

आमच्या धंद्यात याला जोडीदार उदाहरण आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार चांगला. पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि एकाचा ओठ लागलेल्या धोट्याला दुसऱ्याचा ओठ लागतो. कसब येत नाही म्हणून बंदी नव्हती. कसब शिकण्याच्या दारालाच कुलूप होतं, आणि बाहेर बोर्ड लावलेला की यांना कसब नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. म्हणून कुठल्याही तयार झालेल्या वर्गाबद्दल पहिला सवाल हाच करायचा, तयार होण्याच्या खोलीची किल्ली कुणाकडं होती?

बिहार, १८७४

आता माल बघू. रिचर्ड टेंपल. रग्बीची शाळा, मग हेलीबरी, मग बंगालची सनदी नोकरी. हुशार, कष्टाळू, घोड्यावर बसून मुलूख पालथा घालणारा. १८६२ पासून काही वर्षे तो मध्य प्रांताचा चीफ कमिशनर म्हणून नागपुरात होता. पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थमंत्री झाला. शिक्षण, अनुभव, कर्तबगारी, काही म्हणता काही कमी नाही.

१८६६ साली ओरिसात दुष्काळ पडला होता. सरकार हातावर हात ठेवून बसले आणि दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. विलायतेतही ओरड झाली. त्यामुळे १८७३-७४ साली बिहारात पीक बुडाले तेव्हा सरकार हादरून जागे झाले आणि टेंपलला तिकडे धाडले. त्याने काम केले, आणि चोख केले. ब्रह्मदेशातून चार लाख टनांच्या वर तांदूळ आणला. गावोगाव पोहोचवला. कामे काढली, मजुरी नीट दिली, ज्यांना काम होत नव्हते त्यांना घरी धान्य दिले. भुकेने माणसे जवळजवळ मेली नाहीत.

म्हणजे शिकलेला साहेब लोकांचं भलं करू शकतो की नाही? करू शकतो. बिहार हा त्याचा पुरावा आहे. ज्यांना आपलं म्हणणं सिद्ध करायचंय म्हणून पुरावे लपवायचेत त्यांनी लपवावेत, आपण लपवू नये.

पण या कामाबद्दल टेंपलला बक्षीस काय मिळाले? शिव्या. एवढा खर्च कशाला केला, तांदूळ उरला कसा, म्हणून त्याच्यावर झोड उठली. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' पत्राने दोष दिला, की यामुळे आपल्याला जगवणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे हिंदी लोकांना वाटू लागेल. घ्या! माणसं जगली ही चूक, आणि जगण्याचा हक्क त्यांच्या डोक्यात शिरेल ही भीती.

दख्खन, १८७७

१८७६ चा पाऊस गेला. सोलापूर, कलादगी, नगर, पुणे, सातारा, नाशिक आणि खाली मद्रास, म्हैसूरपर्यंत मुलूख करपला. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद जाहीर केले. राजेरजवाडे, हत्ती, तोफा, जेवणावळी. आणि त्याच महिन्यात लिटनने दुष्काळी मुलखात आपला खास माणूस पाठवला. कोण? तोच टेंपल. हुकूम एकच, खर्च आवरा.

टेंपलने आवरला. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढे ठरवले. बाईला आणि पोराला त्याहून कमी. रतल म्हंजे पौंड, आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची, खडी फोडायची. शिवाय काम घरापासून दहा मैलांच्या पलीकडे. का, तर खरोखर भुकेला असेल तोच इतक्या लांब येईल, ही परीक्षा! बघा, परीक्षेतून आलेल्या राजवटीनं भुकेचीही परीक्षाच घेतली.

मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश याने उघड विरोध केला. एवढ्या अन्नावर राबणारा माणूस जगत नाही, तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा याहून जास्त मिळते, हे त्याने आकडे मांडून सांगितले. टेंपलने अगोदर ऐकले नाही. मद्रासेत मजुरी पुन्हा थोडी वाढली तोवर छावण्यांतून प्रेते निघत होती. बाजारभावात आणि व्यापारात सरकारने हात घालायचा नाही, हे लिटनचे धोरण. रेल्वे होती, पण रेल्वे धान्य नेते तिकडे, जिकडे पैसा देणारा असतो. या दुष्काळाच्या काळातच हिंदुस्थानातून इंग्लंडला तीन लाख टनांच्या वर गहू गेला. ब्रिटिश मुलखात मेलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या वर धरतात. मेले कोण? सरकारी अहवालच सांगतात, भूमिहीन मजूर, विणकर, खालच्या जाती. गावात ज्यांची पेवं होती ते नव्हे, ज्यांच्या घरात उतरंडच नव्हती ते.

आणि एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते. मुंबई इलाख्यात मजुरी कापल्यावर लोक गप्प राहिले नाहीत. १८७७ च्या सुरुवातीलाच हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडली. आम्ही एवढ्यात राबणार नाही म्हणाले. उपाशी माणसांचा संप! त्यांना ना युनियन, ना पुढारी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज केले. मुंबईच्या गिरण्यांतल्या संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या बिनगिरणीच्या संपालाही त्यात पान द्यावं.

सत्यशोधक समाजाला तेव्हा चारच वर्षे झाली होती. सावित्रीबाई आणि सत्यशोधक कार्यकर्ते जुन्नर भागात दुष्काळग्रस्तांसाठी फिरत होते. पुण्याजवळ धनकवडीला जोतीबांनी भुकेल्या पोरांसाठी बालाश्रम काढला, लोकांकडे मदतीची हाक दिली. हेलीबरीचा आणि या माणसांचा काही संबंध नव्हता. पण कुणाच्या पोटात काय आहे हे त्यांना दिसत होतं.

टेंपलचं पुढं काय झालं? १८७७ च्या एप्रिल अखेरीस तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८८० पर्यंत राहिला. १८७४ ला माणसं वाचवली तेव्हा ठपका, १८७७ ला पैसे वाचवले तेव्हा बढती.

मधे बदललं काय?

दोस्तहो, इथं जरा थांबा. हा लेख मी एवढ्याचसाठी लिहायला घेतला.

१८७४ चा टेंपल आणि १८७७ चा टेंपल यात शिक्षणाचा काही फरक आहे काय? तोच माणूस, तेच कॉलेज, तोच मेंदू. उलट तीन वर्षांचा अनुभव जास्तच. दुष्काळात माणसं कशी जगवायची हे हिंदुस्थानात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं करून दाखवलं होतं. तरी त्यानं एक रतलाचा हुकूम काढला. म्हणजे अज्ञान हे कारण नव्हतंच. त्याला माहीत होतं.

बदलला तो त्याला जाब विचारणारा. १८७४ ला वरच्या सरकारला ओरिसाची बदनामी पुन्हा नको होती. १८७७ ला वरच्या सरकारला पैसा हवा होता. दोन्ही वेळा तो वर बघत होता. खाली बघायचं त्याला कारणच नव्हतं, कारण खालचा माणूस त्याची नेमणूक करीत नव्हता, बदली करीत नव्हता, त्याला घरी बसवू शकत नव्हता. भल्या शिकलेल्या नोकराच्या हातून भलं किंवा बुरं काय होणार, हे त्याचा मालक कोण यावर ठरतं. शिक्षणानं फक्त एवढं होतं की मालकाचं काम तो जास्त नीट करतो.

यावर कुणी म्हणेल, मग काय अडाण्यांना राज्य द्यायचं? तसं मी म्हणत नाही. यंत्र चालवायला जाणकार लागतोच. आमच्या गिरणीत डिप्लोमा झालेला साहेब येतो, सुताचा काउंट बघतो, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. त्याची विद्या खरी आहे, मी मानतो. पण छातीत कापूस जातो, हवा ओढणारा पंखा बंद आहे, हे आम्ही सहा महिने सांगत होतो, ते त्याच्या वहीत कधी चढलं नाही. कारण त्याला वर जो हिशेब द्यायचा त्यात सुताच्या किलोचा रकाना आहे, आमच्या खोकल्याचा नाही. सगळे मिळून एक पाळी बाहेर उभे राहिलो, तेव्हा पंखा आठवड्यात फिरला. साहेब तोच होता. रकाना नवा आला.

चौकटीचे खालचे पाय

हजारभर सनदी नोकर पंचवीस-तीस कोटींवर राज्य करीत होते. १९२२ साली लॉइड जॉर्जने त्यांना पोलादी चौकट म्हटले. पण ही चौकट उभी कशावर होती? मामलेदार, कारकून, कुळकर्णी यांच्यावर. साहेबाला मोडी वाचता येत नाही, गावची बोली कळत नाही. कागद जो वाचून दाखवेल तो खरा राजा. जोतीबांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच उघडे केले, की गोरे अधिकारी ऐषआरामात गुंग आणि त्यांच्या नावाने खालची भटशाही शेतकऱ्याला नागवते. पेशवाई गेली, पण तिचे दप्तर त्याच हातांत राहिले. एका शिकलेल्या वर्गाने दुसऱ्या शिकलेल्या वर्गाला कामावर ठेवले एवढाच त्याचा अर्थ.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीबांनी जे निवेदन दिले त्याचे मर्मही तेच. सरकार म्हणत होते, वरच्या वर्गाला शिकवा, विद्या त्यांच्यातून झिरपत खाली जाईल. जोतीबांनी विचारले, इतक्या वर्षांत काय झिरपले ते दाखवा. कर भरतो कष्टकरी, त्यावर शिकतो वरचा, आणि शिकून झाल्यावर खालच्याच्या पाठीवर बसतो. वर साठलेलं पाणी आपोआप खाली येत नाही, मधे बांध असतो. बांध कुणी घातला ते आपल्याला माहीत आहे. चवदार तळ्यालाही पाणी होतंच की.

१९७२ : तेच दप्तर, वेगळा दुष्काळ

१८७६-७८ च्या मरणानंतर दुष्काळ कमिशन बसले आणि १८८० नंतर दुष्काळाचे नियम, फॅमिन कोड तयार झाले. कामे कधी काढायची, मजुरी किती, आजाऱ्याला काय, सगळे लिहिले. म्हणजे पन्नास लाखांच्या वर माणसे मेल्यावर साहेबाला एक पुस्तक मिळाले. ते पुस्तक स्वातंत्र्यानंतरही कलेक्टर कचेरीच्या कपाटात राहिले. सनदी नोकरीचे नाव बदलून आय.ए.एस. झाले, साचा बराचसा तोच.

१९७० पासून महाराष्ट्रात पाऊस हुलकावण्या देत होता आणि १९७२ ला तो पुरता रुसला. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडून सोललेले हात, हे त्यांना काल घडल्यासारखं आठवतं. जनावरं मेली, गावं मुंबईच्या फुटपाथवर आली. पण १८७७ सारखी प्रेतांची रास लागली नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. एवढी माणसे एका राज्यात एका वेळी कामावर घेणे हे लहान काम नव्हे.

मग हे कलेक्टर टेंपलपेक्षा जास्त शिकलेले होते काय? नाही. त्यांच्या कचेरीबाहेर मोर्चे होते, हा फरक. शहाद्यात आदिवासी संघटित झाले होते. मुंबईत बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. गावोगावचे मजूर काम द्या, आठवड्याला पगार द्या म्हणून तहसीलला घेराव घालत होते. आणि निवडणूक नावाची गोष्ट होती. जो उपाशी ठेवेल त्याला घरी पाठवता येतं, हे वरच्याला ठाऊक होतं. मागेल त्याला काम, ही रोजगार हमी याच दुष्काळाच्या रेट्यातून उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. २००५ साली दिल्लीने देशभरासाठी केलेला कायदा याच वाटेने गेला. दयेनं एक रतल देणाऱ्या राज्यापासून हक्कानं काम देणाऱ्या कायद्यापर्यंत शंभर वर्षं लागली. ती वाट कॉलेजातून आली नाही, खडीच्या ढिगावरून आली.

पण गोष्ट इथंच संपवली तर आपण खोटं बोललो असं होईल.

त्याच १९७२ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन बौद्ध बायांना विहिरीवरून पाणी प्यायल्या म्हणून मारहाण झाली, त्यांची नग्न धिंड काढली गेली. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात गावाने दलितांवर बहिष्कार घातला. दुष्काळ सगळ्यांना सारखाच होता. कलेक्टर तेच, पोलीस तेच, दप्तर तेच. १९५० च्या घटनेने अस्पृश्यता बंद झालेली, १९५५ चा कायदा झालेला, पाणवठा सर्वांना खुला असे छापलेले. जे खाते पन्नास लाख माणसांची हजेरी लावू शकते, त्याला एक विहीर खुली ठेवता आली नाही.

का? कारण मजुरीसाठी सगळा गाव मोर्चात होता. विहिरीसाठी फक्त महारवाडा होता. शिकलेला अधिकारी त्याला जेवढं ढकललं तेवढंच हलला, आणि ज्या दिशेनं ढकललं तिकडंच हलला. 'सर्वांचं हित' असं म्हणतात त्यातल्या 'सर्व' या शब्दात कोण मावतं, हे कुठल्या परीक्षेत ठरत नाही. ते गावात ठरतं, वजनावर ठरतं. त्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली ती उगाच नाही.

आणि आपला साहेब?

आता अभ्यासिकेतल्या आपल्या पोराकडं येऊ. तो म्हणतो, दादा, म्हणूनच तर मला तिथं जायचंय. आपला माणूस खुर्चीवर पाहिजे.

बरोबर आहे, जायलाच पाहिजे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना बाबासाहेबांनी १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या, त्या काही चार घरांचं भाग्य उजळावं म्हणून नव्हे. १९४५ च्या त्यांच्या ग्रंथात राज्यकर्त्या वर्गाची जी चिरफाड आहे ती नीट वाचा. कार्यक्षमता पुरेशी नाही, त्या वर्गाचा दृष्टिकोन काय, हितसंबंध कुणाशी बांधलेले, हे विचारा, असा त्यांचा रोख आहे. एका जातीच्या हातात कारभार कोंडला की ती कितीही हुशार असो, ती आपलाच कारभार करणार. राखीव जागा ही कोंडी फोडण्याची पहार आहे.

पण पहार म्हणजे घर नव्हे. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी भर सभेत आपलं दुःख बोलून दाखवलं होतं, की शिकून पुढे गेलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली, आपापली पोटं भरली. ते दुःख कुठल्या बामणाबद्दल नव्हतं, ते आपल्याबद्दल होतं. टेंपलला जे झालं ते आपल्या पोराला होणार नाही, असं कशावरून? तोही वर बघायला शिकेल. त्याचाही गोपनीय अहवाल वरचा साहेब लिहील. वस्तीतून कुणी जाब विचारायला गेलंच नाही, तर तो फक्त सत्काराच्या हारापुरता वस्तीत येईल, आणि आपणही फोटो काढून मोकळे होऊ. मग दोष एकट्या त्याचा नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. तयार केलेला राज्यकर्ता वर्ग स्वतःहून, आपल्या विद्येच्या आणि चांगुलपणाच्या बळावर, सर्वांच्या हिताचं राज्य करीत नाही. त्याच्याकडून ते करवून घ्यावं लागतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. त्या वर्गात शिरायचं दार सगळ्यांना खरोखर उघडं पाहिजे. त्याचं दप्तर खालच्या माणसाला वाचता आलं पाहिजे. आणि खालच्या माणसाला काम थांबवून, मत देऊन, रस्त्यावर येऊन त्याला हलवता आलं पाहिजे. यातली एक जरी नसली तरी टेंपल तयार होतो, मग तो गोरा असो, काळा असो, निळा झेंडा हातात घेतलेला असो.

कॉर्निशलाही विसरू नका. तोही सरकारचाच शिकलेला नोकर होता. त्यानं आपली विद्या उपाशी माणसाच्या बाजूनं मांडली, वरचा साहेब विरुद्ध असताना मांडली. आपली पोरं पास होऊन गेली तर कॉर्निश होऊन जावीत. पण कॉर्निशचा कागद वरच्यांनी वाचावा म्हणून बाहेर काम बंद पाडणारे हजारो लागतात, ते आपण.

म्हणून काम सांगतो. परीक्षा देणाऱ्यांनी द्यावी, अभ्यासात कसूर करू नये. बाकीच्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीचं, तहसीलचं दप्तर बघायला शिकावं. हजेरीपट कसा वाचायचा, बोगस नाव कसं ओळखायचं, दलित वस्तीचा निधी कुठल्या रस्त्यात मुरला, माहितीच्या अधिकारात अर्ज कसा करायचा, याचे वर्ग वस्तीत घ्यावेत. हेलीबरी त्यांची होती, ही आपली. आणि १९७२ ला खडी फोडलेल्या म्हाताऱ्या ज्यांच्या घरात आहेत त्यांनी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावं. किती मजुरी मिळाली, मुकादमानं किती खाल्ली, पाणी कुठलं प्यायला दिलं, आपल्या माणसांची रांग वेगळी होती का, संप कुणी केला, सगळं त्यांच्याच तोंडून उतरून घ्यावं आणि आमच्याकडं पाठवावं. साहेबांच्या दुष्काळाचे अहवाल जाडजूड छापून कपाटात आहेत. आपला अहवाल अजून लिहायचा आहे, आणि लिहून देणाऱ्या बाया फार दिवस थांबणार नाहीत.

जय भीम.